सोलापुरातून कमर्शियल इन्शुरन्सच्या अंडररायटिंगमध्ये कसं शिरायचं

घरी सोलापूरला आलो की एक प्रश्न ठरलेला असतो, एलआयसीत आहेस ना तू. सुरुवातीला मी समजावून सांगायचो की मी विमा विकत नाही, माणसांचा विमा तर बघतच नाही, कारखाने, गोडाऊन, बॉयलर असल्या गोष्टींचा विमा घ्यायचा की नाही आणि घ्यायचा तर किती पैशात ते मी ठरवतो, ह्यालाच अंडररायटिंग म्हणतात, तर समोरचा म्हणायचा, हां म्हणजे एजंटच की ओ. आता मी नुसतं हो म्हणतो आणि चहा पितो. पण मागच्या सुट्टीत गल्लीतली दोन पोरं खरंच विचारायला आली, एक बी.कॉम. झालेला, दुसऱ्यानं टेक्स्टाईलचा डिप्लोमा केलेला, दोघंही बँकेच्या परीक्षा देऊन दमलेले. त्यांना दोन तास बसून जे सांगितलं तेच इथं जरा नीट लिहितोय.

आधी काम काय असतं ते बघा

सकाळी ऑफिसला गेलो की ब्रोकरची मेल येऊन पडलेली असते. समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं एक टॉवेल युनिट आहे, बिल्डिंग दीड कोटी, मशिनरी चार कोटी, स्टॉक अडीच कोटी, रिन्यूअल परवा, कोट आज संध्याकाळपर्यंत पाहिजे. आता मला चार गोष्टी ठरवायच्या असतात. हा धोका घ्यायचा का, कुठल्या रेटला घ्यायचा, काय अटी घालून घ्यायचा, आणि आपल्याकडं किती ठेवून रिइन्शुअररकडं (विमा कंपनीचाच विमा घेणारी कंपनी) किती द्यायचा. एवढंच काम आहे, आणि ते आयुष्यभर पुरतं.

रेट हजारी बोलतात. १.२० म्हणजे हजाराला एक रुपया वीस पैसे, ८ कोटीवर ९६,००० रुपये प्रीमियम, वर १८ टक्के जीएसटी १७,२८०. (रेट उदाहरणापुरता धरलाय, हा धरून कुणी ब्रोकरशी भांडू नका.) आता गंमत बघा, मी ९६ हजार घेतो आणि ८ कोटीची जबाबदारी अंगावर घेतो, म्हणजे अशी आठशे युनिटं घेतली आणि त्यातलं एक जरी पूर्ण जळालं तरी जमा झालेला सगळा ७ कोटी ६८ लाख प्रीमियम त्यातच जातो, वर ३२ लाख कमीच पडतात. आणि जमा झालेलं सगळं क्लेमला मिळत नाही. १०० रुपये प्रीमियममधले ७० क्लेमला गेले आणि ३२ कमिशन, पगार, ऑफिस भाडं ह्यात गेले तर १०२ झाले, म्हणजे धंदा तोट्यात. ह्याला कंबाइन्ड रेशो म्हणतात, इंटरव्ह्यूला हमखास विचारतात.

पूर्वी हे डोकं चालवायला लागायचं नाही. टॅरिफचं पुस्तक होतं, कापड गिरणी म्हटलं की त्यातला रेट काढायचा आणि लावायचा. १ जानेवारी २००७ पासून फायर, इंजिनिअरिंग ह्यांचे रेट मोकळे झाले, तेव्हापासून कंपनीनं स्वतः रेट ठरवायचा असतो आणि म्हणून अंडररायटर नावाच्या माणसाला किंमत आली. एजंट किंवा ब्रोकर धंदा आणतो, अंडररायटर तो घ्यायचा का ते ठरवतो, आणि नुकसान झाल्यावर सर्व्हेअर जाऊन मोजतो. ह्या तीन माणसांत गल्लत करू नका, निम्मे कँडिडेट इथंच आउट होतात.

अभ्यास कुठून चालू करायचा

मुंबईला इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहे, १९५५ पासूनची, तिच्या परीक्षा. पहिली पायरी लायसेन्शिएट, ६० क्रेडिट. जनरल साइडला जायचं तर आयसी-०१, आयसी-११ आणि आयसी-१४ हे तीन पेपर, म्हणजे विम्याची तत्त्वं, जनरल इन्शुरन्सची प्रॅक्टिस आणि कायदेकानू. बी.कॉम.वाल्याला तीन-चार महिन्यांत आरामात होतात. पुढं असोसिएटशिप, एकूण २५० क्रेडिट, मग फेलोशिप ४९०. फेलोशिपचं टेन्शन आत्ता घेऊ नका, पण लायसेन्शिएट झाल्यावर लगेच आयसी-५७ म्हणजे फायरचा पेपर आणि आयसी-४५ म्हणजे अंडररायटिंगचा पेपर एवढे दोन तरी द्या. सीव्हीवर हे दोन नंबर दिसले की माझ्यासारखा माणूस दोन मिनिटं जास्त थांबतो.

तत्त्वं पाठ करू नका, गोष्टीत बसवा. अ‍ॅव्हरेजचा नियम घ्या. सोलापुरात मी हे स्वतः डोळ्यानं बघितलंय. माझी पहिली नोकरी एका सर्व्हेअरच्या हाताखाली होती, काम काय तर टेप धरायची, जळालेल्या सुताची पोती मोजायची, फोटो काढायचे. एका यार्नवाल्याचं गोडाऊन अर्धवट जळालं, १६ लाखांचा माल गेला. विमा ५० लाखांचा होता, म्हणजे १६ मिळायलाच पाहिजेत असं मालकाचं गणित. पण स्टॉक रजिस्टर काढलं तर आगीच्या दिवशी गोडाऊनमध्ये ८० लाखांचा माल होता. ८० चा माल आणि विमा ५० चा, म्हणजे उरलेल्या ३० लाखांचा धोका मालकानं स्वतःकडं ठेवला होता, तर नुकसान पण त्याच प्रमाणात वाटलं जाणार. ५० भागिले ८० गुणिले १६, हातात १० लाख. मालक माझ्याकडं असं बघत होता जणू मीच सहा लाख खिशात घातले.

आणि विमा ५० चाच का होता माहितेय? कारण बँकेची सीसी लिमिट, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा, ५० लाख होती. बँकेनं सांगितलं विमा काढा, ह्यांनी लिमिटएवढा काढला. ही चूक अजून रोज होते. पॉलिसी बँकेच्या कर्जाची नसते हो, मालाची असते.

दुसरी तशीच चूक मशिनरीत. सीएनं ताळेबंदात घसारा लावून लूमची किंमत १२ लाखांवर आणलेली असते आणि मालक तोच आकडा प्रपोजलमध्ये लिहितात. पण रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यूनं पॉलिसी घेतली तर आकडा लागतो आज तसलीच नवीन मशीन आणायला काय पडेल त्याचा. आपल्याकडं सेकंडहँड आणलेल्या रेपियर लूम कितीतरी शेडमध्ये आहेत, बिलावर एक किंमत, नवीनची भलतीच. अंडररायटरनं हे विचारायचं असतं. विचारलं नाही तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर विचारतो आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पुस्तकांसोबत पॉलिसीचं वर्डिंग वाचा, खरं वर्डिंग, कंपन्यांच्या वेबसाइटवर फुकट आहे. १ एप्रिल २०२१ पासून आगीच्या विम्यात ठरावीक पॉलिस्या आल्या, एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटीपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, ५ च्या वर ५० कोटीपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. आपलं टॉवेल युनिट ८ कोटीचं, म्हणजे लघुमध्ये बसलं. ह्या दोन्हींत १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी पडला तर माफ आहे, अ‍ॅव्हरेज लावत नाहीत. वरच्या यार्नवाल्याला ही सूट पण उपयोगी पडली नसती, त्याचा विमा साडेसदतीस टक्के कमी होता. हे गणित स्वतः करून बघा, मग विसरणार नाही. आणि विमा कायद्यातलं चौसष्ट व्हीबी हे कलम लक्षात ठेवा, प्रीमियम आल्याशिवाय जोखीम चालू होत नाही, चेक उद्या देतो साहेब हे वाक्य ह्या धंद्यात चालत नाही.

सोलापूर हाच तुमचा क्लास

पुण्या-मुंबईच्या पोरांकडं इंग्लिश आहे, ओळखी आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी कारखाना आतून बघितलेला नसतो. तुमचा कुणीतरी मामा, काका, मित्राचे वडील लूम चालवत असणार, नाहीतर गारमेंटला युनिफॉर्म शिवत असणार. तिथं जा. एक दिवस काढा. वही, मोबाईल आणि टॉर्च घेऊन जा, टॉर्च का ते कळेल.

बघायचं चार अंगांनी, इमारत कशाची, आत काय चालतं, आग विझवायला काय आहे आणि शेजारी काय आहे. आता टॉवेलच्या शेडमध्ये शिरलात समजा. वर बघा, छत पत्र्याचं का स्लॅबचं. पत्र्याखाली फॉल्स सीलिंग असेल तर कशाचं. मग टॉर्च मारून वायरिंगवर बघा, टॉवेलच्या लूममधून जो कापसाचा बारीक भुगा उडतो (लिंट म्हणतात त्याला) तो वायरवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, पॅनलच्या आत साचतो, एकदम मऊ करड्या मिशीसारखा, आणि एक ठिणगी पडली की तो भुर्रकन पेटत पेटत शेडच्या दुसऱ्या टोकाला जातो. पॅनलचं दार उघडून बघू द्या म्हणा. मालक म्हणतील, या की साहेब, आधी चहा घ्या की. चहा घ्या, पण दार उघडायला लावा.

मग सूत कुठं ठेवलंय. छतापर्यंत थप्पी लागलीय का, दिव्याला टेकलीय का, कच्चं सूत, चालू माल आणि तयार टॉवेल एकाच छताखाली का वेगवेगळ्या खोलीत. ह्यावरून ठरतं एका आगीत जास्तीत जास्त किती जाईल. ८ कोटीचं युनिट एका अखंड शेडमध्ये असेल तर पूर्ण ८ कोटी एका आगीचे, मध्ये चांगली भिंत आणि फायर डोअर असेल तर तोच आकडा पाच-साडेपाचवर येतो. ह्याला पीएमएल म्हणतात आणि आमचे निम्मे वाद ह्याच आकड्यावरून होतात. डाईंग म्हणजे रंगाई युनिटमध्येच करत असतील तर बॉयलर आला, लाकूड का ब्रिकेट का गॅस, सर्टिफिकेट कधीचं. भिंतीवरचा लाल सिलेंडर हातात घेऊन त्याच्यावरची रिफिलची तारीख वाचा. वाचाच. निम्म्या ठिकाणी ती दोन वर्षं जुनी असते.

आणि रात्री आत कोण झोपतं हे विचारा. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले, आपल्यापैकी प्रत्येकाला ती पहाट आठवते. फायर पॉलिसी मालमत्तेची असते, माणसाची नाही, कामगारांसाठी एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशनची वेगळी पॉलिसी लागते, आणि कामगाराचं बिऱ्हाड पण त्याच इमारतीत असेल तर ते कुठल्याच कागदावर दिसत नाही. प्रपोजल फॉर्ममध्ये त्याला रकाना नसेल तरी विचारायचं.

एक युनिट झालं की दुसऱ्या प्रकारचं बघा. साखर कारखान्यात बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) डोंगर उघड्यावर असतो, सीझन चालू असताना टर्बाइन बंद पडली तर दुरुस्तीचा खर्च वेगळा आणि थांबलेल्या गाळपाचं नुकसान वेगळं, पहिल्याला मशिनरी ब्रेकडाउन आणि दुसऱ्याला लॉस ऑफ प्रॉफिट लागते. बेदाण्याचं किंवा डाळिंबाचं कोल्ड स्टोरेज घ्या, तिथं आगीपेक्षा कॉम्प्रेसर बंद पडून माल खराब व्हायची भीती जास्त. ट्रकमधून मुंबईला टॉवेल गेले तर मरीन. हो, रस्त्यानं गेलं तरी नाव मरीनच, हसू नका, मी पण हसलो होतो.

आणि सोलापूर म्हणजे दुष्काळी, इथं पुराचं कव्हर कशाला, असं म्हणणारे मी ऑफिसात पण ऐकलेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं जे केलं ते माढा-मोहोळवाल्यांना विचारा. जिल्ह्याच्या नावावर रेट लावायचा नसतो, प्लॉट कुठं आहे, नाला किती लांब आहे, जोत्याची उंची किती आहे ते बघायचं असतं.

जे बघितलं ते एका पानात लिहा

हे मी सगळ्यात जास्त सांगतो आणि सगळ्यात कमी पोरं करतात. अंडररायटरचा खरा माल म्हणजे त्याची नोट. माझी ह्या टॉवेल युनिटची नोट साधारण अशी होईल:

टेरी टॉवेल विणकाम, लूम ४८, डाईंग बाहेरून करून घेतात. आरसीसी खांब, पत्र्याचं छत, एकच शेड. सूत आणि तयार माल शेडच्या उत्तर बाजूला, मध्ये भिंत नाही. सूत थप्पी ट्यूबलाइटपासून अंदाजे एक फूट. पॅनलमध्ये लिंट साचलेलं. सिलेंडर ११, त्यातले ४ मुदत संपलेले. हायड्रंट नाही. मागे पाच वर्षांत क्लेम एक, शॉर्ट सर्किट. पीएमएल १०० टक्के. घ्यावं. अट: पॅनल आणि वायरिंगची इलेक्ट्रिकल तपासणी ३० दिवसांत, थप्पी दिव्यापासून लांब, सिलेंडर रिफिल. मशिनरीची किंमत नवीन दरानं आहे का ते ब्रोकरकडून लेखी घ्यावं.

बस. साहित्य लिहायचं नाही. वाचणाऱ्या माणसाला युनिट न बघता शेड डोळ्यापुढं आली पाहिजे आणि तुम्ही घ्या का नको म्हणताय ते कळलं पाहिजे. अशा पाच-सहा नोटा वेगवेगळ्या धंद्यांच्या तयार करा, मालकाचं नाव काढून टाका, आणि इंटरव्ह्यूला फाइलमधून घेऊन जा. फ्रेशर माणूस अशी फाइल आणतो हे मी इतक्या वर्षांत एकदाच बघितलंय, त्याला घेतला.

सोबत एक्सेल शिका, पिव्होट आणि व्हीलूकअप एवढं तरी. इंग्लिश मेल नीट लिहिता आली पाहिजे, बोलताना अडखळलं तर चालतं. आणि तेलुगू, कन्नड येत असेल तर ते सीव्हीत लाज न बाळगता लिहा. आपल्याकडं लूमचे कितीतरी मालक घरी तेलुगू बोलतात, त्यांच्या भाषेत विचारलं की मागच्या वर्षी झालेली छोटी आग आपोआप सांगतात, जी फॉर्ममध्ये लिहिलेली नसते.

दारं कुठली कुठली आहेत

सरकारी दार म्हणजे चार कंपन्या, न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. त्यांची अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर स्केल वनची परीक्षा, साधारण २१ ते ३० वय, ओपनला पदवीत ६० टक्के लागतात, प्रिलिम्स, मेन्स, इंटरव्ह्यू. बँकेची तयारी केलेल्याला अर्धा अभ्यास झालेलाच असतो. अडचण अशी की दरवर्षी चारही कंपन्या भरती काढत नाहीत, आणि लागलात तरी अंडररायटिंगच मिळेल असं नाही, मोटर थर्ड पार्टीच्या कोर्ट केसेस पण वाट्याला येतात. पोस्टिंग देशात कुठंही. तरी मिळाली तर डोळे झाकून घ्या.

दुसरं, पुण्याला बालेवाडीत नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी आहे, तिथला दोन वर्षांचा पीजीडीएम, कॅट किंवा सीमॅटमधून प्रवेश. फी झेपणार असेल आणि स्कोअर येणार असेल तर प्रायव्हेट कंपन्यांच्या अंडररायटिंगला जायचा हा सगळ्यात सरळ रस्ता.

हे दोन्ही जमलं नाही तर? तर ब्रोकर. माझ्या मते सोलापूरच्या साध्या पदवीवाल्याला सगळ्यात चांगलं दार हेच, आणि ह्याबद्दल कुणी सांगतच नाही. ब्रोकिंग कंपनीत प्लेसमेंट नावाची टीम असते, क्लायंटची माहिती गोळा करून सात-आठ विमा कंपन्यांना पाठवायची, कोट आले की तक्ता करायचा, कुणाच्या अटी वाईट ते शोधायचं. दोन वर्षं हे केलं की तुम्ही पन्नास अंडररायटरांची डोकी वाचलेली असतात, कोण काय विचारतो, कुठं नाही म्हणतो. मी सर्व्हेअरकडनं ब्रोकरकडं आणि तिथून कंपनीत असाच आलो. सोलापुरात हे जॉब नाहीतच म्हटलं तरी चालेल, पुण्याला जावं लागणार, हुतात्मा एक्सप्रेसचा पास काढून रोज ये-जा करायचा विचार करू नका, मी केला होता, जाऊ द्या.

विमा कंपनीच्या ब्रँचमध्ये ऑपरेशन्सला लागणं हा पण मार्ग आहे, पॉलिसी इश्यू करणं, एंडोर्समेंट म्हणजे पॉलिसीतले बदल टाकणं. कंटाळवाणं काम आहे पण वर्डिंग पाठ होतं. तिथनं आतल्या आत अंडररायटिंगला सरकायचं. डिप्लोमा, इंजिनिअरिंगवाल्यांनी रिस्क इन्स्पेक्शनची कामं शोधावीत, टेक्स्टाईलवाल्या पोराला मी तेच सांगितलं, लूम बंद कशानं पडते हे ज्याला माहितेय त्याला वर्डिंग शिकवता येतं, उलटं अवघड. पुण्यात परदेशी कंपन्यांचं अंडररायटिंग सपोर्टचं काम करणारी ऑफिसं पण आहेत, पगार बरा, पण काम तुकड्यातुकड्याचं आणि शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर, तिथं गेलात तर निर्णय घ्यायला मिळतो का एवढं आधी विचारा.

आता एक सावध करतो. ट्रेनी अंडररायटर अशी जाहिरात बघून मी एका ऑफिसात जॉइन झालो होतो, आठवडाभर ट्रेनिंग, मग हातात टू-व्हीलर पॉलिसीचं टार्गेट आणि सात रस्त्याच्या सिग्नलला उभा. अडीच महिने गेले, शेवटच्या महिन्याचा पगार अजून यायचाय. त्यामुळं इंटरव्ह्यूत सरळ विचारा, महिन्याला प्रीमियमचं टार्गेट आहे का. आहे म्हणाले तर तो सेल्सचा जॉब आहे, नाव काही का असेना. सेल्स वाईट नाही, पण तुम्हाला ते करायचं नाहीये.

इंटरव्ह्यूला काय विचारतात

बेसिक तत्त्वं, कंबाइन्ड रेशो, अ‍ॅव्हरेजचं गणित, ट्रीटी आणि फॅकल्टेटिव्ह रिइन्शुरन्समधला फरक (ट्रीटीत आधी ठरलेल्या कराराप्रमाणं धोका आपोआप जातो, फॅकला एकेक धोका वेगळा दाखवून कुणी घेतोय का बघावं लागतं). पण खरा प्रश्न असा असतो की एखादा धंदा द्यायचा आणि म्हणायचं सांग आग कुठून लागेल. मला विचारलं होतं, सोलापूरचा ना तू, मग शेंगा चटणीचं युनिट सांग. मी सुरू केलं, भाजायची भट्टी, गॅसच्या टाक्या कुठं ठेवतात, शेंगदाण्याचं तेल सुटतं ते जमिनीवर आणि मशीनच्या खाली चिकटतं, शेंगदाण्याची पोती भट्टीपासून किती लांब, पॅकिंगची प्लॅस्टिक पाकिटं, पीक हंगामात घेतात म्हणून स्टॉक वर्षभर सारखा नसतो तर सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याचा आकडा, कुठल्या महिन्याचा धरायचा. शेवटचं वाक्य मी अंदाजानं टाकलं होतं, त्यावरच समोरचा सरसावून बसला. उत्तर बरोबर असणं एवढं महत्त्वाचं नसतं, तुम्ही डोक्यात शेडमध्ये फिरताय का हे बघतात.

पगाराचं घासाघीस पहिल्या नोकरीत जास्त करू नका, कुणाच्या हाताखाली काम करायचंय ते विचारा.

पहिलं वर्ष

सुरुवातीला तुम्हाला सही करायची पॉवर फारशी नसते, अमुक कोटीपर्यंत तुम्ही, त्यावर रेफरल. त्याला कमीपणा समजू नका, रेफरलला वरचा माणूस जे प्रश्न विचारतो तेच शिक्षण. वही करा, प्रत्येक प्रश्न लिहून ठेवा, सहा महिन्यांत तेच तेच परत येतात.

माझी चूक सांगतो. पहिल्याच मार्चमध्ये, मार्च म्हणजे आमची वारी, १ एप्रिलला एवढी रिन्यूअल्स पडलेली असतात की जेवायला वेळ नसतो (लग्न मार्चात ठरवू नका), तर त्या गडबडीत मी एका फॅक्टरीची मागच्या वर्षीची नोट उचलली, तारीख बदलली आणि धोक्यात काही बदल नाही असं लिहून पुढं सरकवली. जूनमध्ये तिथं छोटी आग लागली, सर्व्हेअरच्या रिपोर्टमध्ये आलं की मागच्या बाजूला डाईंग आणि थर्मिक हीटर बसवून आठ महिने झालेत. नुकसान किरकोळ होतं. पण बॉसनं दार लावून एकच विचारलं, तू विचारलंस का. मी म्हटलं सर ब्रोकरनं नो चेंज लिहिलं होतं. ते म्हणाले, ब्रोकरला पगार कोण देतं मला माहीत नाही, तुला कोण देतं ते माहितेय. तेव्हापासून रिन्यूअलला माझे तीन प्रश्न ठरलेत, नवीन काय बसवलं, जुनं काय हलवलं, शेजारी कोण आलं. फोन करून विचारतो, मेलवर उत्तर घेतो, फाइलला लावतो.

नाही म्हणायला पण शिकावं लागतं आणि ते लवकर सांगायचं. वाईट धोका असेल तर ब्रोकरला दुपारीच सांगा की आम्हाला नको, म्हणजे तो दुसरीकडं जाऊ शकतो. संध्याकाळी सहाला नाही म्हणणाऱ्या अंडररायटरकडं चांगला धंदा येणं बंद होतं. आणि रेट पाडून धंदा घ्यायचा दबाव येणार, सगळीकडं येतो, तेव्हा तुमचं मत नोटमध्ये लिहा आणि मग वरच्यांना ठरवू द्या. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

दोन-तीन वर्षांनी फाटे फुटतात. कुणाला इंजिनिअरिंग लाइन आवडते, कुणी लायबिलिटीकडं जातं, कुणी रिइन्शुरन्सला, कुणी परत ब्रोकरकडं जास्त पगारावर. ते तेव्हाचं तेव्हा.

ती दोन पोरं, बी.कॉम.वाल्यानं आयसी-११ चं पुस्तक मागवलंय, म्हणाला पहिली तीस पानं झाली. डिप्लोमावाला मामाच्या लूमवर जाऊन आला आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. नोट बरी होती, छत, थप्पी, पॅनल सगळं होतं. मी परत पाठवली, म्हटलं सिलेंडरची तारीख राहिली. म्हणाला, दादा, तारखेचा कागदच निघून गेलाय त्याच्यावरचा. म्हटलं मग तेच लिही.